काठोकाठ

मेलिसने नान मोडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा जमिनीवर जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावर उलटा ठेवला.

खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. बुरुलकान समोवारापाशी बसली होती. चुरा झटकल्यासारखं करत तिने हात लांबवला आणि नान सुलटा केला. इथे नान पालथा कुणी ठेवत नाही, नुकतं बसायला लागलेलं पोरही नाही. मेलिसचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. दाराजवळ, बुटांच्या ढिगाशेजारी बसून तो तोकतोसुन आकेंच्या कोमुझकडे टक लावून पाहत होता.

आकेंनी तारा जुळवल्या. सरोवराकाठच्या बालिकचीतल्या या मंडळीला घंटा नव्हती, क्रूसाचं छप्पर नव्हतं. बुरुलकानची ही बैठकीची खोली, भिंतीवरचा गालिचा आणि म्हाताऱ्या आकेंचा तीन तारांचा कोमुझ, एवढंच त्यांचं चर्च. आके प्रवचन गात. आधी दोन वाक्यं साधीच सांगत, मग तीच सुरावर ठेवत, मग सूर सोडून पुन्हा बोलायला लागत. सांगणं कुठे थांबलं आणि गाणं कुठे लागलं हे ऐकणाऱ्याला कळत नसे, आणि आठवडाभर भांडी घासताना, कोळसा भरताना तेच ओठांवर येत राही. आज त्यांनी प्रभू कबरेतून उठला त्या दिवशीची संध्याकाळ घेतली होती. शिष्य दार लावून बसले आहेत.

"कडी कुणी लावली? भीतीने लावली. आत कोण बसलं? भीतीच बसली. ज्याची वाट पाहता, तोच बाहेर उभा."

तारांवरून एकदा नख ओढून आके बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "मी आता म्हातारा झालो, म्हणून विचारतो. चर्च म्हणजे ही खोली, की या खोलीची कडी?"

नुरगाझी मास्तरने मान वळवून आधी कडीकडे पाहिलं, मग मेलिसकडे.

सगळे गेल्यावर नुरगाझी मागे राहिला. तो सरकारी शाळेत गणित शिकवायचा. आपण रविवारी कुठे जातो हे त्याने शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं. बूट हातात धरून तो उभ्या उभ्याच बुरुलकानशी बोलत राहिला. हा माणूस कोण, कुठला, कुणाला ठाऊक? चेहरा किर्गिझ, आणि किर्गिझ बोलताना अडखळतो. मागच्या वेळी कालिमा आपांना त्याने विचारलं, मुलगा काय करतो. गुरुवारच्या प्रार्थनेला कोण कोण असतं, तेही विचारलं.

"आणि नान पालथा टाकतो," नुरगाझी म्हणाला. "एजे, हा एकतर आपल्याला नावं ठेवायला आलाय, नाहीतर आपली नावं न्यायला."

बुरुलकान, सगळ्यांची एजे, थोरली बहीण, दस्तरखानाची घडी घालत होती. मेलिसने तिलाही विचारलं होतं, तुमचे मालक कुठे पुरलेत.

तिचा नवरा एसेनबेक जिवंत असताना याच खोलीत एक बाई येऊ लागली होती. रडायची, जेवायची, निघताना बुरुलकानच्या गळ्यात पडायची. थोड्याच दिवसांत एसेनबेकच्या मुसलमान भावांना कळलं, हा ख्रिस्ती झालाय. पुढे तो गेला तेव्हा त्याचे भाऊ कबरस्तानाच्या फाटकात फावडी आडवी धरून उभे राहिले. बापाशेजारची जागा त्याला मिळाली नाही. देह घरात, बाहेर सरोवरावरून येणारा वारा, आणि आके एकेका ओळखीच्या दारात जाऊन मातीचा एक तुकडा मागत होते. शेवटी रशियन कबरस्तानात एका म्हातारीने स्वतःसाठी राखलेली जागा दिली. त्यानंतर बुरुलकानने दाराला दुसरी कडी बसवून घेतली.

"आके म्हणतात दार उघडा. म्हणोत," नुरगाझी म्हणाला. "त्यांचं जायचंय काय? एक कोमुझ. माझी नोकरी जाईल, एजे. तो येणार असेल तर मी येत नाही. घर तुमचं, तुम्ही ठरवा."

"घरात आलेल्याला जा म्हणायचं माझ्याने होणार नाही."

"म्हणायचं कशाला? चहा तुम्हीच ओतता ना."

बुरुलकानचा घडीवरचा हात थांबला. पाहुण्याला पियाला भरून देत नाहीत. तळाशी घोट-दोन घोट ओतायचे, ते संपले की पुन्हा, मग पुन्हा. तुझ्यासाठी मला सारखं उठायचंय, हे त्यातलं सांगणं. काठोकाठ भरलेल्या पियाल्याचं सांगणं वेगळं: पी, आणि ऊठ.

पुढच्या रविवारी मेलिस सगळ्यांच्या आधी आला. बुटांवरचा बर्फ उंबऱ्याबाहेर झटकून नेहमीच्या जागी बसला. आकेंचं गाणं झालं, भाकर मोडून झाली, दस्तरखान पसरला. बुरुलकानने आकेंना घोटभर ओतला, कालिमा आपांना घोटभर, नुरगाझीला घोटभर. मग मेलिसचा पियाला तोटीखाली धरला आणि तोटी उघडीच ठेवली. चहा काठाला आला, काठावर फुगला, तेव्हा तिने ती बंद केली.

कालिमा आपा चावायच्या थांबल्या. पियाला हातोहात दाराकडे गेला. प्रत्येक हाताने तो जपून पुढे दिला आणि कुणी नजर वर केली नाही. आके कोमुझच्या खुंट्यांशी काहीतरी करत होते. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.

मेलिसने तो दोन्ही हातांनी घेतला. अंगठ्यावर चटका बसला तरी सोडला नाही. वाकून त्याने वरचा चहा ओढला, मग सावकाश सगळा प्यायला, शेवटी डोकं मागे टाकून. आणि रिकामा पियाला पुन्हा पुढे केला.

"चहा पोचला," कालिमा आपा शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "निरोप नाही पोचला."

निघताना तो मुद्दाम मागे रेंगाळला. बुरुलकानला वाटलं, आता बोलणार. आता खरा माणूस बाहेर येणार. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

"एजे," तो बुटाची नाडी बांधत, खाली बघतच म्हणाला, "मी बालगृहात वाढलो. टोकमोकच्या बाजूला. तिथे वाढणारी बाई सगळ्यांना अर्धा मग द्यायची. हंडा शेवटपर्यंत पुरायला पाहिजे ना. पण तिचे एक-दोन लाडके असायचे, त्यांना भरून." त्याने नाडी ओढली. "मला कधी मिळाला नाही."

बुरुलकानचा हात चौकटीवरच होता.

"आज तुम्ही सगळ्यांसमोर दिलात."

ती त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. चाळिशी उलटलेला किर्गिझ माणूस आणि त्याला एवढंही ठाऊक नाही? ती रडणारी बाईसुद्धा असंच काहीतरी सांगायची. ज्याला पाठवलं असेल, त्याला सांगायला गोष्टही दिलेली असणारच.

"तिथे नान मिळायचा?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नान कुठला? कारखान्यातला पाव. चौकोनी काप." तो उठला. "एक विचारू, राग मानू नका. बाकीच्यांना तुम्ही एवढासाच देता. चहा पुरत नाही का? पुढच्या वेळी मी घेऊन येतो. कुणाला कळणार नाही."

तो फाटकाबाहेर जाऊन दिसेनासा झाला तरी ती दारातच होती. खोलीत वारा शिरला आणि पडदा भिंतीवर आपटायला लागला, तेव्हा तिने दार लावलं. वरची कडी लावली. खालच्या कडीपर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला.

आठवडाभर तिने हे कुणाला सांगितलं नाही. नुरगाझी रस्त्यात भेटला तेव्हा त्याने भुवया उंचावून विचारलं. तिने बटाट्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, रविवारी ये. भांडी घासताना आकेंची चाल तोंडात यायची आणि कडीच्या ओळीशी येऊन अडायची. एकदा तिने घरात एकटीच असताना पियाला काठोकाठ भरला आणि दाराजवळ, मेलिसच्या जागी बसून प्यायली. अंगठा तिचाही भाजला.

रविवारी नुरगाझी आला, कोट न काढता बसला. मेलिसही आला. कोटाच्या आतून चहाचा एक जाडजूड पुडा काढून त्याने तो गुपचूप समोवारामागे सरकवला, आणि बुटांशेजारी जाऊन बसला. नुरगाझीने बुरुलकानकडे पाहिलं. त्याचा एक हात गुडघ्यावर होता, उठायच्या तयारीत.

आके गायले. आज बोलणं कमी होतं, गाणंच जास्त. मग भाकर मोडली, मग दस्तरखान आला.

बुरुलकानने नव्या पुड्यातला चहा टाकला. पियाले समोर मांडले. घोटभर दिला तर दाराशी बसलेला तो माणूस समजेल, आपलं काहीतरी चुकलं. भरून दिला तर बाकीची खोली समजेल, तिने पुन्हा जा म्हटलं. तो खरा की खोटा, तिला अजूनही कळलं नव्हतं. कदाचित कधीच कळणार नव्हतं.

तिने आकेंचा पियाला तोटीखाली धरला. चहा अर्ध्यावर आला, वर चढला, काठाला लागला. तो तिने स्वतः उठून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. मग कालिमा आपांचा, तसाच. मग शेजारणीचा. खोलीत तोटीचा आवाज तेवढा येत होता.

नुरगाझीसमोर ठेवला तेव्हा थोडा चहा दस्तरखानावर सांडला. त्याचे कान लाल झाले.

"एजे, मग मी निघू?"

"पी आधी," ती म्हणाली.

कालिमा आपांनी पियाला उचलून पाहिला; चहा ओघळायला लागला, तसा पुन्हा खाली ठेवला. एवढा भरलेला पियाला उचलून तोंडाला लावता येत नाही. आकेंनी कोमुझ बाजूला केला, टोपी मागे सारली आणि दोन्ही हात जमिनीला टेकून, पियाल्यापर्यंत वाकून काठावरचा पहिला घोट घेतला. त्यांच्या पांढऱ्या मिशा ओल्या झाल्या. मग कालिमा आपा वाकल्या, मग त्यांची शेजारीण. एकेक करून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नुरगाझी तेवढा ताठ बसून होता, कोटाचं वरचं बटण चाचपत. आजूबाजूला पाहून त्याने ते काढलं.

बुरुलकानने शेवटचा पियाला भरला आणि तोल सांभाळत दाराकडे घेऊन गेली. मेलिस खोलीभर पाहत होता, एकेका पियाल्याकडे. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघा," तो हळूच म्हणाला, "पुरला ना?"