पुसलेली, पण उघडी फाइल

सकाळी दहा चाळीसला परंदवडीच्या कारखान्यातला सर्व्हर अडला. डिस्कवर जागाच उरली नव्हती. लेबलं छापणं थांबलं, आणि लेबलाशिवाय खोकी फाटकाबाहेर जात नाहीत. टेम्पोंची रांग लागली.

सर्व्हर सांभाळणारी चैताली रजा संपवून मळवलीहून अकराच्या सुमारास पोहोचली. पर्स खांद्यावर असतानाच मॅनेजर सुहास सरांनी तिला गाठलं.

"काय करून ठेवलंस हे?"

"मी? मी रजेवर होते, सर."

"सर्व्हरवर कोणी काय केलं ते ऑडिट लॉगमध्ये लिहिलं जातं, त्यात तुझं नाव आहे. उघडलेल्या प्रत्येक फाइलची नोंद करायची, असा नियम शनिवारी घातलाय. त्या नोंदींनीच डिस्क भरली. हेड ऑफिसला कळवलंय मी. तुला ठेवायचं की काढायचं, ते ठरवतील."

"माझं नाव!" चैतालीचा आवाज चढला. "अख्खा कारखाना माझ्याच नावानं लॉगिन करतो. पासवर्ड डिस्पॅचच्या कपाटावर खडूनं लिहिलाय. प्रत्येकाचं वेगळं खातं करू म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? सगळी घरचीच माणसं आहेत, कशाला एवढी कुलपं!"

डिस्पॅचचा प्रज्ञेश खाली बघू लागला. खडूचं अक्षर त्याचंच होतं.

"कुठल्या कॉम्प्युटरवरून लॉगिन झालं तेही लॉगमध्ये असतं. बघू तरी," चैताली म्हणाली.

"काय बघणार? जागा व्हावी म्हणून ती लॉगची फाइलच पुसायला लावली मी."

ती खुर्चीत बसली. फाइल यादीत नव्हती, डिस्क मात्र तेवढीच भरलेली. नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं ती फाइल अजून उघडी धरली होती. तो चालू आहे तोवर फाइल जिवंत होती, आणि जागाही अडलेली. रीस्टार्ट केला की जागा सुटणार, लेबलं निघणार आणि फाइल, म्हणजे तिचा एकमेव पुरावा, कायमची जाणार.

तिनं बाहेरची डिस्क जोडून कॉपी सुरू केली.

"रीस्टार्ट कर."

"कॉपी झाल्यावर."

"गाड्या उभ्या आहेत, चैताली!"

"राहू देत! पुसायच्या आधी एक फोन केला असतात, तर एव्हाना निघाल्या असत्या."

एका ड्रायव्हरनं दारातून डोकं आत घातलं. "सायेब, मीच लिवतो की लेबलं. अक्षर बरं हाय माजं."

"बाहेर व्हा!" दोघंही एकदमच ओरडली.

सुहास सरांनी इलेक्ट्रिशियनला हाक मारली. "बजरंग, सर्व्हरचा यूपीएस बंद करून चालू कर, आपोआप रीस्टार्ट होईल."

"भाऊ, हात लावू नका," चैताली म्हणाली. "नाहीतर उद्या तुमचंही नाव हेड ऑफिसला जाईल."

बजरंगभाऊंनी दोघांकडे पाहिलं. "सायेब, मागल्या खेपेला तुमीच म्हनला व्हता, लेखी असल्याबिगर मेन बटन दाबायचं न्हाई. द्या लिवून."

अकरा पंचवीसला कॉपी निम्म्यावर आली होती. बजरंगभाऊ यूपीएसपाशी उभे होते. सुहास सर कागदावर लिहीत होते.