चढावरची कुजबुज

मिस्त्रीने बायकोच्या सायकलचं मागचं चाक उचलून हवेत फिरवलं. टिकटिक नाही, खरखर नाही. चाक मुकाट फिरत राहिलं आणि मिस्त्रीला उगाचच राग आला.

“धड सायकल नाही, धड गाडी नाही,” तो म्हणाला. “पायडलही मारा आणि चार्जिंगही करा. माझ्या गाडीला एक पीळ दिला की टेकडी संपली.”

“हेल्मेट द्या,” बायको म्हणाली.

तेवढंच. आताशा ती त्याच्याशी असंच बोलायची. दोन-तीन शब्द, तेही शेवटच्या बाकापर्यंत पोचावेत अशा आवाजात. ती शाळेत शिकवायची. “मी काय तुझ्या वर्गात बसलोय?” असं त्याने एकदा विचारलंही होतं. तेव्हा तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि ती भाजी चिरायला बसली.

मिसरूड फुटल्यापासून मिस्त्री गावाबाहेरच्या टेकडीवर डर्ट बाइक पिटाळत आला होता. लग्नानंतर बायकोला मागे बसता यावं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने सीट लांब करून घेतली. सायलेन्सर मात्र कधी बसवला नाही. गाडी कशी छातीतून बोलली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गॅरेजातही तो हल्ली इंजिनावर तळहात ठेवूनच बिघाड सांगायचा, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री नाडी बघतो. मग गेल्या वर्षी ही बॅटरीवाली सायकल घरात आली. कानामागून आली आणि तिखट झाली. दर रविवारी सकाळी बायको तिच्यावर बसून टेकडीला जाऊ लागली, आणि बरोबर कोण, तर बाजारातला चष्मेवाला.

उंच, शिडशिडीत, बोलताना मान जराशी कलती ठेवणारा माणूस. समोरच्या उतारावरून मिस्त्रीने दोघांना कितीदा तरी पाहिलं होतं. सायकली शेजारी शेजारी, डोकी जवळ आणि तोंडं अखंड चालू. मिस्त्रीची गाडी तो चढ बघता बघता खाऊन टाकायची, पण तो जवळ पोचेपर्यंत दोघं गप्प झालेली असायची. साहजिकच होतं, त्याची गाडी येतेय हे अख्ख्या टेकडीला आधीच कळायचं. त्याच्या पोटात दुखायचं, आणि निदान स्वतःशी तरी तो ते नाकारत नव्हता. नवऱ्याशी ओरडून तीन शब्द आणि परक्याशी कुजबुज.

म्हणून त्या रविवारी ती निघून गेल्यावर त्याने आपली गाडी पायथ्याच्या झाडाखाली लावली आणि तो भाड्याने सायकली देणाऱ्या बाईसमोर जाऊन उभा राहिला. तिच्या पायाशी एक कुत्रा ताटली चाटत होता.

“मिस्त्री, तुम्ही?” बाई म्हणाली. “आज सूर्य कुठून उगवलाय?”

“बघू तरी म्हटलं, एवढं काय आहे हिच्यात.”

बाईने बटणं दाखवत बरंच काही सांगितलं. मिस्त्री मान हलवत राहिला. नवीन माणसाला ती एकटं सोडत नसे, म्हणून तिनेही आपली सायकल काढली आणि अंतर ठेवून त्याच्या मागे निघाली.

सवयीने त्याने आधी मूठ पिळली. काहीच झालं नाही. मग पायडल मारलं, तशी कुणी पाठीला हात लावून ढकलावं तशी सायकल पुढे सरकली. जिथे त्याच्या गाडीचं मागचं चाक दगड उधळत स्वतःलाच पुरून घ्यायचं, त्या सुट्या खडीवरून ही धरून धरून चढली. वाटेत आडवा पडलेला ओंडका आला, तेव्हा त्याने ती सरळ उचलून पलीकडे ठेवली. गाडी असती तर दुसरा माणूस लागला असता. बरी आहे, हे त्याने मनातल्या मनातही हळूच कबूल केलं.

वळण संपलं आणि दोघं दिसली. दोघांनी मागे वळून पाहिलं नाही. चष्मेवाल्याचा जबडा हलत होता, बायकोचे खांदे हसण्याने हलत होते. मिस्त्री आणखी जवळ गेला. सायकलबरोबर मिळालेलं हे हेल्मेट कान उघडे ठेवणारं होतं, इंजिन नव्हतं, वारा पडलेला होता. आता तिच्या चाकाखालची धूळ त्याच्या बुटांवर येत होती. तरी एक शब्द कळेना, नुसती शेजारच्या घरातल्या रेडिओसारखी पुटपुट. उघड्या टेकडीवर, जिथे चिटपाखरू नाही, तिथे इतक्या दबक्या आवाजात माणसं काय बोलतात? मिस्त्रीचं डोकं तापलं.

एवढ्यात चष्मेवाला मान न वळवताच काहीतरी म्हणाला. बायको हसली. आणि मिस्त्रीच्या मागे, बऱ्याच मागे असलेली सायकलवालीही हसली.

“नाही हो,” ती तिथूनच ओरडली, “तो कुत्रा माझा नाहीच. नुसता जेवायला येतो.”

मिस्त्रीने करकचून ब्रेक दाबला. सायकलवाली शेजारी येऊन थांबली.

“काय झालं?”

“ते काय म्हणाले आत्ता?”

“कुत्र्याचं हो. मी त्याला पाळलाय की त्याने मला, असं विचारत होते.”

“तुम्हाला तिथून ऐकू आलं?”

“न यायला काय झालं? केवढा खडा आवाज आहे त्यांचा.” मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही तर त्यांच्या अगदी पाठीमागेच होतात.”

पुढची दोघंही थांबली होती. नवऱ्याला त्या सायकलवर पाहून बायको खाली उतरली. ती आपली सायकल ढकलत मागे आली आणि वळसा घालून त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला उभी राहिली. सायकलवालीला काय वाटलं कोण जाणे, ती टायरची हवा बघायला वाकली.

मिस्त्रीने हेल्मेट काढून काखेत धरलं.

“तुला केव्हापासून माहीत आहे?”

तिने उत्तर दिलं. मग त्याचा चेहरा पाहून तेच उत्तर पुन्हा दिलं, मोठ्याने, एकेक शब्द तोडून. वर चष्मेवाला दोन्ही पाय टेकून उभा होता आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघत होता. त्याला ते पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं.