मुकं शिवार

इंग्रजायच्या फौजेत गेलेला माहा भाऊ जगदेव बसऱ्याच्या लढाईतून आमच्या गावी, जऊळक्याले परत आला, तवा अंगावर ओरखडाही नव्हता. पण ज्वारीवरची पाखरं हाकलाले कोनी गोफण कडाडवली, की तो जमिनीवर पालथा पडून कान दाबे. लोक हसत. एक दिवस म्या शिव्या द्याले तोंड उघडलं, तोच शेजारच्या मचाणावरून म्हातारा शालिग्राम गरजला, "गोफणी ठेवा खाली! पोराच्या कानात अजून तोफा वाजून राह्यल्या. पाखरं खातीन तेवढं खाऊ द्या."

अख्खं शिवार मुकं झालं. थवेच्या थवे कणसायवर उतरले, पण एकाचाही हात उठला नाई.

एका सकाळी जगदेव म्हणाला, "तुळसे, माह्यासाठी लोकायची ज्वारी चालली. आण गोफण."

म्या गोफण आणून देली. त्यानं गोफण फिरवली. कडाका शिवारभर घुमला, पाखरं आभाळात उडाली.

जगदेव उभाच होता.