थावरीला न कळलेला शब्द

मित्रांनो, जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या एका लहानशा वाचनालयात कधी गेलात, तर जुनी, विरलेली निळी सतरंजी दिसेल. ती मीच. दौसाकडच्या एका नवराबायकोने मला मागावर विणले. नवी होते तेव्हा दर समारंभाला मला पाहुण्यांसाठी अंथरत.

त्र्याऐंशी साली रत्नमालाबाईंनी वाचनालयात रविवारची गोष्टींची बैठक सुरू केली. बाई साताऱ्याकडच्या, यजमान लष्करात सुभेदार. आधी कॉलनीतली मुले येत. मग मागच्या मोकळ्या जागेतली मुलेही येऊ लागली. तिथे बांधकामावर आलेल्या भिल्लांच्या झोपड्या होत्या. त्यांतली थावरी नऊदहा वर्षांची. ती तान्ह्या भावाला कडेवर घेऊन यायची, त्याला माझ्या कडेला निजवायची आणि पुढे सरकून बसायची. तो झोपेत माझ्या दशा चोखायचा. मला ते फार आवडे. हळूहळू थावरी हिंदी वाचायला शिकली. पहिल्यांदा अख्खे पान वाचून झाले तेव्हा ती इतकी हसली, की बाईंनी तिला पोटाशी धरले.

पण वाचकांना झोपड्यांतल्या चुलींचा धूर खपेना. वाचनालयाचे चिटणीस उमाकांतराव प्राध्यापक होते. समितीच्या वतीने त्यांनी झोपड्या हटवण्याचा अर्ज पालिकेकडे केला.

"अहो, थंडी सरेपर्यंत तरी थांबा. तान्ही मुलं आहेत तिथं," बाई म्हणाल्या.

"वहिनी, समितीचं ठरलंय. मी एकटा काय करणार?"

जानेवारीत झोपड्या पाडल्या गेल्या. बिऱ्हाडे रुळांपलीकडे उघड्यावर गेली. त्याच आठवड्यात थंडीने कहर केला आणि थावरीचा भाऊ गारठून मेला. रत्नमालाबाईंनी समितीला ते सांगितले, तेव्हा मी तिथेच अंथरलेली होते. कोणी मान वर केली नाही.

मग वाचनालयाने सलोख्याचा कार्यक्रम ठेवला. बाई स्वतः जाऊन थावरीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या. दोघी माझ्यावर बसल्या. आईला वागडी बोलीशिवाय काही येत नव्हते. त्यामुळे हिंदी भाषण तिला समजावून सांगायचे काम थावरीवरच आले.

उमाकांतराव कागदावरून वाचत होते. थावरी एकेक वाक्य आईला सांगत होती.

"आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्हाला खेद वाटतो."

थावरी थांबली. "ताईजी, असुविधा मतलब?"

बाईंनी उमाकांतरावांकडे पाहिले. "तुम्हीच सांगा तिला."

उमाकांतरावांनी कागद बाजूला ठेवला. ते खुर्चीवरून उठले आणि खाली, मायलेकींसमोर येऊन बसले.

"बेटी, आईला सांग. झोपड्या आम्ही पाडायला लावल्या. थंडी आहे हे ठाऊक असूनही. तुझा भाऊ आमच्यामुळे गेला."

थावरीने सांगितले. तिचा आवाज कुठेच अडखळला नाही. तिची बोटे मात्र माझे सूत ओढत होती. आई थोडेसेच बोलली. थावरीने ते हिंदीत सांगितले.

"माई म्हणते, आज तुम्ही खरं बोललात. पण मी माफ केलं, असं कुणाला सांगू नका."

दोघी उठून गेल्या. त्यांच्यासाठी आणलेली ब्लँकेटे तिथेच राहिली.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली, की आदिवासी मातेने मोठ्या मनाने सर्वांना क्षमा केली. बाईंनी तो अंक समितीपुढे आपटला. "हे कुणी दिलं छापायला?" कोणी कबूल झाले नाही. उमाकांतरावांनी खुलासा लिहून पाठवला, तो छापला गेला नाही. थावरीचे बिऱ्हाड कामाच्या मागे कुठे गेले, ते बाईंना शोधूनही कळले नाही. पुढे सुभेदारांची बदली झाली आणि रविवारची बैठकही मोडली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, पुन्हा मुलांसाठी अंथरा. एवढे माझ्यासाठी करा. पण गोष्ट ऐकायला कोणाला बोलवाल, तर ते मूल रात्री कुठे निजते तेही पाहून या. आणि कोणाचे घर तुमच्या हातून मोडलेच, तर खरे सांगा. समोरच्याने माफ केले की नाही, ते त्याचे त्याला बोलू द्या.