रबर लावलेली बॅटरी

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. हात लावू नका, आणि टोचून बघायचं तर मनातही आणू नका. मी एक जुनी बॅटरी आहे, मोबाइलच्या पोटातली. चौक गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागे वाळूने भरलेल्या डब्यात मला ठेवलंय. जुन्या बॅटऱ्या नेणारी गाडी आली की मीही जाईन. तोवर माझी गोष्ट सांगते. मी स्वभावाने भित्री आहे, सांगता सांगता माझा जीव घाबरा होईल. तेवढं सांभाळून घ्या.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी कशी चपटी, सडपातळ होते! जितेशने खोपोलीच्या दुकानातून माझा फोन घेतला, तो त्याच्या बायकोसाठी, नम्रतासाठी. लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत त्यांचं घर. जितेश माथेरानला हॉटेलात कामाला, आठवड्यातून एकदा खाली येणार. त्यामुळे नवराबायकोचं सगळं बोलणं माझ्या जिवावर. "दोन-दोन दिवस टिकते गं माजी बॅटरी," असं नम्रता शेजारच्या संजनाला सांगायची, आणि मला मूठभर मांस चढायचं.

पण त्या घराला एकच धास्ती होती. लाईट जाण्याची. जरा वारा सुटला, की लाईट गेलीच म्हणून समजा. जितेशची आई, विमलबाई, सारख्या बजावायच्या, "नमे, फोन लावून ठेव गं. लाईट कवा जाईल, काय नेम हाय?"

"आई, भरलाय तो."

"भरलाय तर भरू दे. ऱ्हाऊ दे तसाच. वेळेला रिकामा नको."

त्यांचंही काही चुकत नव्हतं हो. मुलगा डोंगरावर, घरात दोघी बायका. जीव टांगणीला लागणारच. पण त्यांच्या जिवाबरोबर मीही टांगले गेले, चार्जरला, सकाळ-संध्याकाळ.

आता खरं सांगू? मला तो शंभरचा आकडा कधीच मानवला नाही. पंगतीत पोट भरलेल्या पाहुण्याला वाढप्याने एक जिलबी आग्रहाने वाढली, तर ठीक. पण तो रोज, दिवसभर वाढतच राहिला तर? मला थोडी भूक राहू द्यावी. अगदी उपाशीही ठेवू नये आणि गळ्याशी येईपर्यंत कोंबूही नये. आणि मला उकाडा सोसत नाही. माझी जागा मात्र खिडकीत, पत्र्याखाली, कारण रेंज तिथेच. त्यावर कडी म्हणजे मला स्टीलच्या पेल्यात उभं करायचे, रिंग मोठी वाजावी म्हणून! भर दुपारी तो पेला असा तापायचा की विचारू नका.

हळूहळू माझ्या पोटात वायू धरला. मी फुगले. फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं. म्हटलं, आता तरी यांना कळेल! त्या आठवड्यात जितेश खाली आला. फोन हातात घेऊन म्हणाला, "ह्ये काय गं, फुगलाय हा."

"चालतोय पण," नम्रता म्हणाली.

"चालतोय ना? मग पुढच्या खेपेला चौकला दाखवू." आणि त्याने काय केलं माहीत आहे? कोथिंबिरीच्या जुडीचा रबर काढला आणि फोनला घट्ट लावला. झाकण बसलं. झालं, दुखणं बरं झालं! पुढची खेप आली, त्याच्या पुढची आली. रबर तसाच राहिला.

मधल्या काळात रिया जन्माला आली. ती बसायला लागली आणि नम्रता मोहोपाड्याला कंपनीत पॅकिंगला जाऊ लागली. तिने स्वतःसाठी दुसरा फोन घेतला. मला ठेवलं घरी, विमलबाईंजवळ. रियाला फोनमधलं गाणं लागल्याशिवाय झोप यायची नाही, आणि मी तर गाणं संपायच्या आत मान टाकायचे. मग विमलबाईंनी तोडगा काढला. रियाला झोपवायची साडीची झोळी होती ना, तिच्या घडीत, पोरीच्या डोक्याशी मला खोचलं, आणि चार्जरची वायर झोळीच्या दोरीवरून बोर्डापर्यंत नेली. संजनाला ही युक्ती कौतुकाने दाखवलीसुद्धा.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मी फुगलेली, तापलेली, चार थरांच्या कापडात कोंडलेली. आणि वीतभर अंतरावर रियाची टाळू, अजून नीट भरलेलीही नाही. तिचा श्वास मला जाणवायचा. मला तोंड नाही, हात नाहीत. मला येतं ते एकच, तापणं. आणि नेमकी त्याचीच मला भीती! रोज दुपारी मी देवाला म्हणायचे, आजचा दिवस जाऊ दे.

एका दुपारी विमलबाई मागच्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. गाणं चालू होतं, रिया गाढ झोपली होती. एकाएकी माझ्या आत काहीतरी फाटलं. नखं रंगवायच्या रंगाला येतो तसा गोडसर वास बाहेर झिरपू लागला. देवा, आता नको. इथे तर नकोच नको!

आणि लाईट गेली.

ज्या लाईटच्या नावाने घर बोटं मोडायचं, ती नेमकी तेव्हा गेली बघा. वायरीतून येणारा मारा थांबला. पडद्यावर अजून अर्धी बॅटरी दिसत होती, पण तो आकडा खोटा होता. माझ्यात काही उरलं नव्हतं. गाणं मधेच तुटलं आणि मी शून्यावर आले.

रियाने डोळे उघडले. ओठ काढले. आणि जो काय टाहो फोडला! रड गं बाई, रड, अजून मोठ्याने रड!

"आले गं माजी बाय," पडवीतून विमलबाई ओरडल्या. "हात धुते नि आले."

हात कसले धुताय? लाईट परत आली तर वायर पुन्हा कोंबू लागेल मला! अहो, या लवकर!

त्या आल्या. सवयीने घडीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं आई गं! निखाऱ्यावानी तापलाय. आन वास कसला ह्यो?"

फोनकडे त्यांनी पुन्हा बघितलंही नाही. आधी रियाला उचलून कडेवर घेतलं. मग वायर हिसकली आणि वायरीसकट मला अंगणात भिरकावलं. दगडावर आपटून रबर तुटला आणि माझ्यातून भसाभसा धूर निघाला. तेवढ्यात घरातला पंखा फिरू लागला. लाईट आली होती.

आवाज ऐकून संजना धावत आली, तिने माझ्यावर घमेलंभर माती ओतली. विमलबाई रियाला छातीशी धरून उंबऱ्यात बसल्या. "पोरीच्या उशाला निखारा ठेवला व्हता गं मी," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

संध्याकाळी नम्रता घरी आली. सगळं ऐकलं, रियाला घेतलं आणि तिच्या टाळूचा वास घेत राहिली. विमलबाईंनी तिचा पदर धरला. "बोल ना गं, नमे. चार शिव्या दे मला."

"काय बोलू, आई?" नम्रताला रडू फुटलं. "रबर तर आमीच लावला होता."

दुसऱ्या दिवशी जितेश रजा टाकून आला आणि पत्र्याच्या डब्यातून मला इथे पोचवून गेला. दुकानदाराला सांगत होता, रात्री विमलबाईंनी स्वतःच झोके देत गाणं म्हटलं. आवाज घोगरा आहे म्हणे, पण पोर झोपली.

मित्रांनो, मला शंभरावर बघून ते घर सदा निर्धास्त असायचं. रियाच्या कामी मात्र मी आले ती शून्यावर येऊन. आता घरी गेलात की फोनच्या पाठीवरून एकदा बोट फिरवा. त्याला उशाखाली, अंथरुणात चार्जिंगला लावू नका. पोट भरलं की वायर काढा, बिचाऱ्या बॅटरीला दम घेऊ द्या. आणि पाठ फुगलेली लागली, तर रबर शोधत बसू नका. आधी बाळाला उचला.