वैराग्य म्हणे!

आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत माणसाचं अन्न तुटलं की लोक वैद्याला बोलावत नाहीत, त्याच्या पाया पडतात. माझ्या नवऱ्याच्या पडले.

प्लेगच्या साली सरकारने गल्ली रिकामी करायला लावली, तेव्हा सासूबाई हटून बसल्या. "काशीत मरायला आले, आता काशीबाहेर जाऊ होय?" ह्यांनी आणि धाकट्या दत्तात्रेयभावजींनी, दोघांनीही माना डोलावल्या. पंधरवडा उलटायच्या आत सासूबाई गेल्या. भावजी घाटावर ओक्साबोक्शी रडले, सरकारला शिव्या दिल्या, हट्टी आईलाही दिल्या, आणि तेराव्याला लाडू मागून घेतले. ह्यांनी मात्र डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. वेणीमाधवशास्त्री पडले ना! काशीत मरण म्हणजे मोक्ष, असं पाठशाळेत मुलांना शिकवलेलं. मग रडायचं कोणत्या तोंडाने? त्यात पुढे ती पाठशाळाही बंद पडली.

मुळात ह्यांचा स्वभावच तसा. संध्येत एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. घरात काही बिघडलं तर चूक स्वतःची, साधलं तर देवाची कृपा. दोघे भाऊ एका आईचे, दुःखही एकच. पण भावजींचं दूध उतू जाऊन मोकळं झालं, ह्यांचं बुडाशी करपत राहिलं.

हळूहळू बोलणं थांबलं, झोप उडाली. ताटात काय वाढलंय ते बघायचंसुद्धा नाही, दोन घास खाऊन उठायचं. मग दिवसभर संकठा घाटाच्या पायरीवर बसून पाण्याकडे बघायचं. हा माणूस एक दिवस उठून सरळ पाण्यात चालू लागेल, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नसे. आणि गल्ली काय म्हणत होती? शास्त्रीबुवांना वैराग्य आलं! कोणी त्यांच्यापुढे फळं ठेवी, कोणी फुलं. शेजारच्या गंगाकाकू तर मला ओवाळायच्याच बाकी होत्या.

"अंबिका, बडे भाग गं तुझे! सगळं कुळ उद्धरलं."

"कुळ उद्धरेल हो काकू, माझ्या कपाळाचं काय?" मी म्हटलं. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. तेवढीच शांतता.

एका सकाळी हेच म्हणाले, "संन्यास घ्यावा म्हणतो. तुझी परवानगी लागते."

कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले, ते हे! हो म्हणावं तर नवरा जातो, नाही म्हणावं तर पायरी आहे आणि पाणी आहे. मी म्हटलं, "देईन, पण स्वामींच्या समोर देईन." भावजींना बरोबर घेतलं आणि आम्ही घाटावरच्या मठात गेलो.

तिथले स्वामी म्हातारे, आमच्याच कोकणातल्या कुठल्याशा गावचे. त्यांनी ह्यांना वैराग्याबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "झोप लागते का?"

"नाही."

"आईसाठी रडलास?"

"आईला मोक्ष मिळाला, स्वामी. त्यात रडायचं काय?"

"अरे पगल्या, मोक्ष तिला मिळाला. तुझी तर आई गेली ना!"

हे खाली बघत पुटपुटले, "मी तिला उचलून न्यायला हवं होतं."

"मीही नेलं नाही, दादा," भावजी म्हणाले. "आपण दोघांनी नाही नेलं. आणि ती ऐकणार होती का कुणाचं?"

ह्यांचे खांदे हलू लागले. रडणं नव्हतं ते, नुसता श्वास अडकत होता. भावजींनी त्यांचा हात धरला तो सोडला नाही.

स्वामी माझ्याकडे वळले. "माई, परवानगी देऊ नका. हा विरक्त नाही, आजारी आहे. आजाऱ्याला मी दीक्षा देत नाही. ह्याला एकटं बसू देऊ नका, वैद्याला दाखवा, आणि कुणाला ह्याच्या पाया पडू देऊ नका."

शेवटचं काम मी मोठ्या आनंदाने केलं. भावजी रोज त्यांना आपल्याबरोबर दशाश्वमेधावर यात्रेकरूंच्या कामाला नेत. वैद्यांचा काढा चालू झाला. एका रात्रीत काही झालं नाही. पावसाळा गेला, थंडी आली. कधी दोन पावलं पुढे, कधी चार मागे. पण रडू लागले. रात्री उठून आईच्या गोष्टी सांगत, रडत, आणि मग झोपत.

माघात एकदा जेवताना त्यांनी कपाळाला आठी घातली. "आमटी खारट झालीय."

एरवी माझ्या आमटीला नावं ठेवणाऱ्याची धडगत नसे. त्या दिवशी वाटी तशीच हातात धरून मी रडत बसले. स्वामींना मनातल्या मनात किती नमस्कार घातले, देवाला ठाऊक.

"रडतेस काय?" हे म्हणाले. "अजून भात वाढ. भुकेलाय माणूस."