मागच्या बाकावरची प्रणाली

लाँचवरच्या नव्या खलाशांना प्रवासी उतरवायला शिकवणारा व्हीआर गेम मी आणि नदीमने बनवला, आणि आमचा आळस एवढा दांडगा की चाळीस प्रवाशांना चाळीस तोंडं कोण देत बसणार म्हणून वीस जणांना त्याचं आणि वीस जणींना माझं, म्हणजे प्रणालीचं, तोंड चिकटवून मोकळे झालो. खऱ्या खलाशाने गेम पुरा केल्याशिवाय प्रोजेक्ट पास होणार नव्हता. नाहीतर वर्ष पाण्यात. शेवटच्या दिवशी नदीमने आपल्या नजमुद्दीन चाचांना मुंबईला कॉलेजात आणलं. रेवसच्या लाँचवर तीस वर्षं काढलेला माणूस. शेवटच्या प्रवाशाला हात देऊन उतरवल्याशिवाय स्वतः कधी धक्क्यावर पाय ठेवला नाही.

गॉगल चढवताच चाचा भडकले. "या अल्ला! माज्या भावाला एवढी पोरं झाली कवा?"

हसून हसून माझी मुरकुंडी वळली. चाचा मात्र हवेत हात देत, एकेकाला दटावत उतरवत होते. स्क्रीनवर चाळीसच्या चाळीस उतरले. लाँच रिकामी. आता गेम पुरा करायला फक्त लाल बटण दाबायचं होतं.

चाचा दाबेनात.

"एक प्रणाली बसलीय अजून. मागच्या बाकावर."

मी स्क्रीनवर एकेक बाक न्याहाळला. "चाचा, कोणी नाहीये हो तिथे!"

"तुला दिसत न्हाय. घाबरलीय बिचारी."

परीक्षक घड्याळ बघायला लागले. माझा जीव टांगणीला, आणि चाचांनी मागवला चहा! गॉगल लावूनच प्यायले, अर्धा सदऱ्यावर. मग हळूच म्हणाले, "ये बेटी, हात दे," आणि काहीतरी जड ओढून घेतल्यासारखे मागे रेलले. बटण दाबलं. आम्ही पास झालो.

घरी परतताना पाचच्या लाँचवर चाचांचीच पाळी होती. मी मागच्या बाकावर बसून आईला फोनवर बढाया मारत आले. रेवसला चाचांनी नेहमीसारखा एकेकाला हात दिला, नदीमला टपली मारली. सगळ्यांच्या शेवटी मी उठले आणि हात पुढे केला.

"लाँच रिकामी!" चाचा माझ्या तोंडावर ओरडले आणि धक्क्यावर उतरले.

"चाचा, मी राहिलेय!"

ते थबकले. वळून त्यांनी एकेक बाक नीट न्याहाळला, दुपारी मी स्क्रीनवर न्याहाळला होता तसाच.

"प्रणाली कुठंय?" धक्क्यावरून नदीमने विचारलं.

"ती व्हय? ती तर दुपारीच उतरली. मीच हात दिला," चाचा म्हणाले, आणि त्यांनी धक्क्याला बांधलेला लाँचचा दोर सोडला.